थिकफ्रीकनेस: दोन मित्र, एक तळघर आणि चौदा तास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आठ-दहा जण डोंबिवलीला एका मित्राच्या घरी जमतो आणि एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकतो. फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे, हा एकच नियम. ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकन जोडीचा ‘थिकफ्रीकनेस’ आम्ही आतापर्यंत तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा नंतर चहाबरोबर निघालेले प्रश्न जवळपास तेच होते. नव्याने येणाऱ्यांसाठी ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत. हा अल्बम मला फार जवळचा आहे, त्यामुळे ती मुद्दाम कापली नाहीत.

हा अल्बम नेमका कोणता आणि कधीचा?

‘थिकफ्रीकनेस’ हा द ब्लॅक कीजचा दुसरा अल्बम. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, ड्रमर पॅट्रिक कार्नीच्या घराच्या तळघरात तो डिसेंबर २००२ मध्ये रेकॉर्ड झाला आणि एप्रिल २००३ मध्ये ‘फॅट पॉसम’ या छोट्या, स्वतंत्र कंपनीने बाजारात आणला. अकरा गाणी, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत. त्यातली नऊ गाणी त्यांची स्वतःची, दोन दुसऱ्यांची. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम अल्बमच्या यादीत त्याला तिसरं स्थान दिलं होतं.

हे दोघे कोण? एकत्र कसे आले?

डॅन ऑरबॅक गातो आणि गिटार वाजवतो, पॅट्रिक कार्नी ड्रम वाजवतो. डॅनचा जन्म १९७९ चा, पॅट्रिकचा १९८०चा. दोघंही ॲक्रनमध्ये एकाच वस्तीत वाढले. डॅनच्या घरी वडिलांच्या संग्रहात ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या संगीताच्या, रेकॉर्डी होत्या, त्या ऐकत तो मोठा झाला. पॅट्रिकचे काका राल्फ कार्नी नावाजलेले सॅक्सोफोनवादक होते. म्हणजे दोघांच्याही कानावर लहानपणापासून चांगलं काही पडत होतं.

२००१ मध्ये डॅनला स्वतःच्या दुसऱ्याच एका बँडचा डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, करायचा होता. पॅट्रिककडे तळघरात रेकॉर्डिंगचं सामान होतं, म्हणून त्याने पॅट्रिकला गाठलं. ठरलेल्या दिवशी डॅनचे साथीदार आलेच नाहीत. मग रिकामं बसण्यापेक्षा हे दोघंच वाजवत बसले. त्यातून जे निघालं ते त्यांनी डझनभर छोट्या कंपन्यांना पाठवलं. ‘अलाइव्ह’ नावाच्या कंपनीने त्यांना एकदाही प्रत्यक्ष न बघता करार दिला. त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम मार्च २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या बीचलँड बॉलरूममध्ये झाला, प्रेक्षक होते सुमारे आठ. त्याच वर्षी मे महिन्यात पहिला अल्बम ‘द बिग कम अप’ आला. तोही तळघरातलाच.

दोघांनीही कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं आणि एका घरमालकाच्या जागांवरचं गवत कापायची नोकरी करत होते. ‘थिकफ्रीकनेस’ ऐकताना हे लक्षात असलेलं बरं. त्यातली घाई ही भाडं थकलेल्या माणसाची घाई आहे.

बँडच्या नावाचा अर्थ काय? पियानोच्या काळ्या पट्ट्या?

शब्दशः तोच. पण त्यामागे ॲक्रनमधला एक माणूस आहे. अल्फ्रेड मॅकमूर हे स्किझोफ्रेनिया असलेले चित्रकार दोघांच्याही कुटुंबांच्या ओळखीचे होते. ते घरी फोन करून आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवायचे आणि कुणावर रागावले, कुणाचं वागणं त्यांना खटकलं, की त्या माणसाला ‘ब्लॅक की’ म्हणायचे. म्हणजे सुरात न बसणारा. नाव तिथून आलं.

सगळा अल्बम खरंच चौदा तासांत झाला?

हो, एकाच बैठकीत. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव येतो: एकतर अविश्वास, नाहीतर ‘केवढी प्रतिभा!’ मला दोन्ही पटत नाहीत. या चौदा तासांमागे घडलेलं समजून घेतलं तर आकडा जागेवर बसतो.

पहिल्या अल्बमनंतर फॅट पॉसमने त्यांना करार दिला आणि थोडे पैसे आगाऊ दिले. ते पैसे घरभाड्यात गेले. स्टुडिओ भाड्याने घ्यायला काही उरलं नाही. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन एका निर्मात्याबरोबर त्यांनी काही गाणी रेकॉर्ड केली होती, पण ती रेडिओवरच्या त्या काळातल्या गुळगुळीत रॉकसारखी वाटायला लागली म्हणून दोघांनीच बाजूला ठेवली. हातात पैसे नसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी तयार माल नाकारला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. शेवटी उरलं तळघर, जुनं टेप मशीन आणि एक दिवस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या दिवशी तळघरात उतरताना गाणी हातात बसलेली होती. पहिल्या अल्बमनंतरचे कितीतरी महिने हे दोघं बारमध्ये, छोट्या हॉलमध्ये वाजवत होते. कुठल्या ओळीनंतर ड्रम थांबणार, गिटार कुठे एकटी राहणार, हे त्यांना एकमेकांकडे न बघता ठाऊक होतं. आपल्याकडे गवई दोन तासांच्या मैफलीत एक राग मांडतो तेव्हा कुणी ‘दोन तासांत कसा काय मांडला’ असं विचारत नाही. मागचा रियाज सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. इथेही तो धरा. चौदा तास हा फक्त टेप फिरण्याचा वेळ.

ॲक्रन कसलं शहर आहे? त्याचा आवाजाशी संबंध आहे का?

क्लीव्हलँडच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर. एके काळी त्याला ‘जगाची रबर राजधानी’ म्हणत. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर या सगळ्या कंपन्या याच गावच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टायरचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि शहर रिकामं होत गेलं. गिरणगाव बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आवाजाशी थेट संबंध जोडणं अवघड आहे. पण एक गोष्ट नक्की: अशा शहरात जागा स्वस्त मिळते, रात्री-अपरात्री ड्रम वाजवले तरी दार ठोठावणारं जवळपास कुणी नसतं, आणि कुणी मोठा माणूस येऊन तुम्हाला शोधून काढेल अशी आशाही नसते. मग माणूस स्वतःच्या तळघरात स्वतःच सगळं करायला शिकतो.

‘टॅस्कॅम ३८८’ म्हणजे काय? त्याचं एवढं कौतुक का?

तळघरात याच मशीनवर हा अल्बम रेकॉर्ड झाला. टॅस्कॅम कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते काढलं. दिसायला एक मोठं, जड टेबलच: पुढे आठ चॅनेलचा मिक्सर आणि त्याच पेटीत मागे उभं टेपचं रीळ. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने वेगळा मिक्सर, वेगळं टेप मशीन, मधल्या वीस वायरी हे सगळं जमवू नये, एकाच पेटीत सगळं मिळावं, अशी ती योजना होती.

आता थोडं जवळून बघू. या मशीनमधली टेप पाव इंच, म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटर रुंद. तेवढ्यात आठ ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळा नोंदायच्या आठ पट्ट्या, बसवायच्या. प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला मधली मोकळी जागा धरूनही जेमतेम पाऊण मिलिमीटर पट्टी येते. मोठ्या स्टुडिओत दोन इंच रुंद टेपवर चोवीस ट्रॅक असत, म्हणजे प्रत्येकाला दोन मिलिमीटरहून जास्त. शिवाय मोठी मशीनं सेकंदाला पंधरा किंवा तीस इंच वेगाने टेप पळवत. ३८८ पळवतं साडेसात इंच. अठराशे फुटांच्या एका रिळात त्या वेगाने अठ्ठेचाळीस मिनिटं बसतात.

पट्टी अरुंद आणि वेग कमी म्हणजे आवाजाला जागा कमी. वरचे, झिलईदार स्वर थोडे बोथट होतात. ड्रमवर जोरात काठी पडली की टेपला तो झटका पुरता पेलवत नाही आणि तो घाव दाबून, गोल करून नोंदला जातो. इंजिनिअर याला टेप भरून जाणं म्हणतात. संगणकावर आवाज मर्यादेबाहेर गेला तर कर्कश तडतड ऐकू येते. टेप मात्र भरत जाते तसतशी जाड, खरखरीत, उबदार होत जाते. या अल्बममधल्या ड्रमना तो जो दणकट, कोंदटलेला आवाज आहे, त्यात तळघराच्या भिंतींइतकाच या अरुंद पट्टीचाही हात आहे.

दुसरी बाजू शिस्तीची. आठ ट्रॅक म्हणजे आठच. समजा ड्रमला तीन दिले, गिटारला दोन, गाण्याला एक. उरले दोन. आता काय हवं, काय नको, हे तिथल्या तिथे ठरवावंच लागतं. ‘नंतर बघू’ म्हणायची सोय नाही.

आवाज इतका खराब का आहे? माझ्या स्पीकरचा दोष आहे का?

स्पीकर ठीक आहे. बँडने स्वतःच आपल्या पद्धतीला ‘मीडियम फिडेलिटी’ असं नाव दिलं होतं. हाय-फाय, म्हणजे अगदी स्वच्छ आवाज, नाही; लो-फाय, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, नाही; मधलं. मला ते नाव अगदी नेमकं वाटतं.

‘खराब’ शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. शीर्षकगीत सुरू होतं तेव्हा आधी गिटार लांबून गुरगुरत जवळ येते आणि मग ड्रमचा पहिला ठोका थेट छातीवर पडतो. खोली किती बुटकी आहे, दोघं एकमेकांपासून किती जवळ बसलेत, हे कानाला समजतं. डॅनचा आवाज किंचित फाटलेला आहे, जणू जुन्या टेलिफोनमधून येतोय, पण त्यातली तळमळ कुठेही हरवत नाही. रेकॉर्डिंगचं काम काय असतं? वाजवणारा माणूस ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवणं. ते काम इथे शंभर टक्के झालंय. आमच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकताना कपाळाला आठ्या घातलेल्या दोघींनी तिसऱ्या वेळी ‘आवाज थोडा वाढव’ म्हटलं होतं.

एक सूचना: फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. खालचे स्वर गेले की मागे नुसती खरखर उरते आणि मग तुमची तक्रार रास्तच ठरेल.

बास गिटार कुठे आहे?

या बँडमध्ये बास वाजवणारा सदस्यच नाही. तरी ऐकताना पोकळी जाणवत नाही, याची कारणं आहेत. डॅन गिटारच्या खालच्या, जाड तारांवर सतत काहीतरी चालू ठेवतो आणि वरच्या तारांवर सूर फिरवतो. एकाच हातात बास आणि सूर दोन्ही. जुने एकटे गाणारे ब्लूजवाले असंच वाजवत, कारण त्यांच्या सोबतीलाही कुणी नसे. त्यावर फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून जाड करणारं पायाखालचं यंत्र. फझ लावला की एक सूरसुद्धा तीन माणसं वाजवताहेत इतका रुंद होतो.

आणि तिसरं कारण पॅट्रिक. तो भरगच्च वाजवत नाही. गिटार जिथे खाली उतरते तिथे त्याचा पायाचा ड्रम नेमका तिच्या खाली येतो. ‘हार्ड रो’ ऐकताना फक्त त्याच्या पायाकडे लक्ष द्या. मी ते गाणं सलग चार वेळा तसं ऐकलं, तेव्हा कुठे मला हा बँड कळला.

याला ‘ब्लूज’ का म्हणायचं? हे तर रॉक वाटतं.

प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर मिसिसिपीत आहे.

ब्लूज म्हटलं की बहुतेकांना चार-चार मात्रांच्या बारा गटांची ती ठरलेली चौकट आठवते: तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एक ओळ दोनदा म्हणायची, तिसरी ओळ उत्तराची. मिसिसिपी राज्याच्या उत्तरेला, हॉली स्प्रिंग्जच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये मात्र वेगळाच ब्लूज वाढला. त्याला हिल कंट्री ब्लूज म्हणतात. तिथे कॉर्ड फारशा बदलतच नाहीत. एक सूर धरायचा, एक ठेका धरायचा आणि त्यावर फिरत राहायचं, नाचणाऱ्यांचे पाय थकेपर्यंत. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल, आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किम्ब्रो ही या परंपरेतली मोठी नावं.

किम्ब्रो यांचा स्वतःचा ज्यूक जॉइंट होता. ज्यूक जॉइंट म्हणजे गावाबाहेरची साधीशी जागा, जिथे काम करून थकलेली काळी माणसं रात्री पिण्या-नाचायला जमत. किम्ब्रो यांचं ठिकाण चुलाहोमा नावाच्या वाडीत होतं आणि रविवारी रात्री ते स्वतः तिथे वाजवत. ते १९९८ मध्ये वारले, जागा २००० मध्ये आगीत जळाली. त्यांचा पहिला मोठा अल्बम १९९२ मध्ये, वयाच्या साठीनंतर आला आणि तो काढला होता फॅट पॉसमनेच. ब्लॅक कीजना त्याच कंपनीत जायचं होतं, यामागचं कारण आता लक्षात येईल.

‘थिकफ्रीकनेस’वर किम्ब्रो यांचं ‘एव्हरीव्हेअर आय गो’ आहे. आमच्यातला एक जण भजनात पखवाज वाजवतो. रॉक त्याला फारसं आवडत नाही, बैठकीला तो बहुधा वडापावसाठी येतो असा आमचा समज होता. हे गाणं लागलं, मिनिटभराने त्याने मांडीवर बोटं चालवायला सुरुवात केली आणि संपेपर्यंत थांबवली नाहीत. नंतर म्हणाला, “हा सूर सोडतच नाहीये. तंबोऱ्यासारखा मागे उभा आहे.” हिल कंट्रीबद्दल एवढ्या थोडक्यात इतकं बरोबर मला सांगता आलं नसतं. एका सुराच्या आधाराने तासभर बसायची सवय असलेल्या कानांना हे संगीत परकं वाटायचं कारण नाही.

काळ्या लोकांचं संगीत दोन गोऱ्या मुलांनी वाजवावं, हे योग्य आहे का?

दर वेळी हा प्रश्न निघतो आणि निघायलाच हवा. ब्लूज ही गुलामगिरीतून आणि त्यानंतरच्या अन्यायातून आलेल्या माणसांची निर्मिती आहे. विसाव्या शतकात त्या गाण्यांवर दुसऱ्यांनी अमाप पैसा कमावला आणि मूळ गाणारे गरिबीत मेले, असं कितीतरी वेळा घडलं. नाव न सांगता चाल उचलणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार.

ब्लॅक कीजबाबत मी तीन गोष्टी बघतो. एक, पहिल्या अल्बमपासून त्यांनी किम्ब्रो आणि बर्नसाइड यांचं नाव घेतलं, गाणं कुणाचं ते लपवलं नाही. दोन, डॅन मिसिसिपीच्या माणसाचा उच्चार ओढूनताणून आणत नाही, तो ओहायोचाच वाटतो. तीन, २००६ मध्ये त्यांनी किम्ब्रो यांच्या गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली आणि तिला त्या जळालेल्या ठिकाणाचं नाव दिलं: ‘चुलाहोमा’. रेकॉर्डच्या शेवटी फोनवर ठेवलेला एक निरोप आहे. तो किम्ब्रो यांच्या पत्नीचा. गाणी ऐकून आनंद झाल्याचं त्या सांगतात. एका म्हाताऱ्या बाईचा साधा, घरगुती आवाज, मागे फोनची खरखर. मला तो निरोप आख्ख्या रेकॉर्डइतकाच मोलाचा वाटतो.

यामुळे मूळ प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. गोऱ्या मुलांना मिळालेले प्रेक्षक आणि पैसा किम्ब्रो यांना हयातीत मिळाले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून माझी विनंती एवढीच असते की ‘थिकफ्रीकनेस’ आवडला तर त्याच आठवड्यात किम्ब्रो ऐका. मूळ झरा अजून तिथेच आहे.

दुसरं उसनं गाणं कोणतं?

‘हॅव लव्ह विल ट्रॅव्हल’. हे रिचर्ड बेरी यांचं, पन्नासच्या दशकाच्या अखेरचं. साठच्या दशकात द सॉनिक्स या बँडने ते आरडाओरड्यासह वाजवून प्रसिद्ध केलं. इथे ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. नाचायला उत्तम.

हे म्हणजे द व्हाइट स्ट्राइप्ससारखंच ना?

वरवर बघता हो. दोघंच, गिटार आणि ड्रम, बास नाही, ब्लूजची ओढ, जुन्या यंत्रांचं प्रेम, आणि गावंही शेजारच्या राज्यांतली: डेट्रॉइट आणि ॲक्रन. ‘थिकफ्रीकनेस’ आला त्याच एप्रिलमध्ये व्हाइट स्ट्राइप्सचा ‘एलिफंट’ही आला. पण तो लंडनच्या टो रॅग या नामांकित स्टुडिओत झाला होता, त्यांची लाल-पांढऱ्या कपड्यांची, दंतकथांची एक अख्खी दुनिया होती. ब्लॅक कीजकडे असं नाटक नव्हतं. जुन्या प्लीमथ व्हॅनमध्ये स्वतःच सामान भरून, स्वतःच चालवत हे दोघं गावोगाव गेले. तुलना होत राहिली आणि त्याचा त्यांना त्रासही झाला असणार. मला दोन्ही बँड आवडतात, आणि एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करायची गरज वाटत नाही.

‘इंडिपेंडंट’ म्हणजे नक्की काय? स्वतःच्या पैशाने काढला का?

पूर्णपणे स्वतःच्या पैशाने नाही. इंडिपेंडंट म्हणजे मोठ्या, जगभर पसरलेल्या कंपन्यांच्या बाहेरची कंपनी. फॅट पॉसम १९९१ मध्ये मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावात सुरू झाली आणि सुरुवातीला त्यांचं काम मुख्यतः आसपासच्या वयस्कर ब्लूज गायकांच्या रेकॉर्डी काढणं हेच होतं. पैसे कमी, पण आत काय वाजवायचं यात लुडबुड नाही. गाणी, वाजवणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं घरचं. मुखपृष्ठसुद्धा पॅट्रिकच्या भावाचं, मायकेल कार्नीचं. पुढे २०११ मध्ये त्याला बँडच्याच ‘ब्रदर्स’ अल्बमच्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं.

‘थिकफ्रीकनेस’च्याच सुमारास एका इंग्लिश मेयोनेजच्या जाहिरातीसाठी गाणं वापरू द्यायची मोठ्या रकमेची मागणी त्यांनी नाकारली. भाड्याची मारामार असताना. तेव्हा जाहिरातीला गाणं दिलं की चाहते ‘विकले गेले’ म्हणत. पुढे त्यांनी जाहिरातींना पुष्कळ गाणी दिली आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. चित्रपटाला मात्र तेव्हाही दिलं होतं: या अल्बममधलं ‘सेट यू फ्री’ २००३ च्याच ‘स्कूल ऑफ रॉक’मध्ये आहे. तुमच्यातल्या अनेकांनी ते नकळत ऐकलेलं असेल.

आपल्याला घरी असं काही रेकॉर्ड करता येईल का?

येईल. मी आणि माझा मित्र दोन खोल्यांच्या घरात करतो, म्हणून खात्रीने सांगतो.

टॅस्कॅमच्या मागे लागू नका. जुनी मशीनं आता महाग झालीत, टेप मिळवणं कठीण, दुरुस्त करणारे त्याहून कठीण. लॅपटॉप, दोन इनपुटचा एखादा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि दोन माइक पुरतात. मशीनची शिस्त मात्र उसनी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये आठच ट्रॅक उघडायचे, नववा नाही. गाणं दोघांनी एकत्र, एका दमात वाजवायचं. चूक झाली तर तुकडा चिकटवायचा नाही, पहिल्यापासून वाजवायचं.

आपली घरं म्हणजे गुळगुळीत फरश्या आणि सपाट भिंती. आवाज त्यांवर आपटून घुमतो. आम्ही फरशीवर सतरंजी टाकतो, खिडकीवर आईची जुनी गोधडी लावतो आणि गाणाऱ्याला उघड्या कपाटासमोर उभं करतो. कपाटातल्या साड्या-शर्टांसारखा आवाज शोषणारा माल विकत आणायला गेलात तर बरेच पैसे जातील. ड्रमचा पूर्ण संच सोसायटीत शक्य नसतो, म्हणून आम्ही काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी, घेतलाय. रात्री दहानंतर वाजवायचं नाही, आणि शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवायचं. आमच्या काकू आता “आज रेकॉर्डिंग आहे का रे?” विचारून कुकर आधी लावून घेतात.

एका गाण्याचे आम्ही गेल्या पावसाळ्यात एकोणीस टेक घेतले, म्हणजे ते एकोणीस वेळा पूर्ण वाजवून रेकॉर्ड केलं. दोन दिवसांनी शांतपणे ऐकले तेव्हा दुसरा टेक सगळ्यात जिवंत होता. त्यात मित्राचा एक स्वर घसरलाय आणि लांबून रिक्षा वळल्याचा आवाज आहे. तोच ठेवला.

मुंबईत प्रत्यक्ष ब्लूज ऐकायला मिळतो का?

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आलाय. पहिल्याच वर्षी शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन वाजवून गेले. जमेल तेव्हा जा.

ब्लॅक कीजचं आणखी काय, कुठल्या क्रमाने ऐकू?

आधी ‘थिकफ्रीकनेस’ दोनदा. मग ‘रबर फॅक्टरी’ (२००४), माझ्या मते गाणी म्हणून तो त्यांचा सगळ्यात पक्का. मग ‘चुलाहोमा’. मग किम्ब्रो आणि बर्नसाइड, घाई न करता. ‘ब्रदर्स’ (२०१०) आणि ‘एल कमिनो’ (२०११) यांनी त्यांना जगप्रसिद्ध केलं. ते तुम्हाला कुणीही सुचवेल, म्हणून मी शेवटी ठेवतो.

त्या तळघराचं पुढे काय झालं?

घरमालकाने इमारत विकली आणि दोघांना सामान उचलावं लागलं. पुढचा अल्बम कुठे करायचा म्हणून त्यांनी ॲक्रनमधल्याच एका बंद पडलेल्या टायर कारखान्यात जागा घेतली. ‘रबर फॅक्टरी’ हे नाव त्यावरूनच. तो कारखाना २०१० मध्ये पाडला गेला. २००६ च्या ‘मॅजिक पोशन’ या अल्बमसाठी ते पुन्हा एकदा तळघरात गेले. बाहेरचा निर्माता आणि रीतसर स्टुडिओ त्यांनी पहिल्यांदा वापरला तो २००८ मध्ये.

आता दोघंही नॅशव्हिलला असतात आणि डॅनचा स्वतःचा सुसज्ज स्टुडिओ आहे. तिथे त्यांनी ‘डेल्टा क्रीम’ केला, तो २०२१ मध्ये आला; सगळी गाणी हिल कंट्री ब्लूजची. सोबत गिटारला केनी ब्राउन होते, ज्यांनी वर्षानुवर्षं बर्नसाइड यांना साथ केली होती. पहिल्या अल्बममध्ये तळघरात वाजवलेलं किम्ब्रो यांचं एक गाणं त्यांनी इथे पुन्हा घेतलं. भोवती हवी ती सगळी यंत्रं आणि हवा तेवढा वेळ असूनही अल्बम दोन दुपारींत, साधारण दहा तासांत उरकला.